कपाटावरच्या संगणकातला जुना ईसीजी

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरातील बंजारा समाज येथे येतो आणि रामनवमीला तर गावात पाय ठेवायला जागा राहत नाही. या भागातील घरांत आणि तांड्यांत संगणक पहिल्यांदा आला तो बहुतांशी ‘एमएस-सीआयटी’च्या निमित्ताने. २००१ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि सरकारी नोकरीच्या अर्जाला त्याचे प्रमाणपत्र लागू लागले. कुणी कापूस-सोयाबीनच्या पैशांतून, कुणी हप्त्याने, तर कुणी शहरातून वापरलेला असा एक संगणक घरी आणला. पुढे मुलगा पुण्याला गेला, घरात मोबाइल आले, आणि पिवळा पडलेला तो ‘सीपीयू’ चादर पांघरून कपाटावर जाऊन बसला. एक दिवस भंगारवाला येतो, लोखंडाच्या भावाने वजन करतो आणि घेऊन जातो.

त्या डब्यात काय होते, हे बहुतेक घरांत कुणालाच नीट आठवत नाही. लग्नाचे फोटो असतात, यात्रेतले असतात. दाखल्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती असतात. विमुक्त जाती-भटक्या जमातींना जातीच्या प्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा किंवा नोंदीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची मूळ प्रत वाळवीने खाल्ली आणि स्कॅन मात्र जुन्या संगणकात राहिले, असे होऊ शकते. आणि या सगळ्यात, सहसा कुणाच्या लक्षात न येणारी एक गोष्ट असते: घरातील आजारपणाचे कागद. वडिलांचा दहा वर्षांपूर्वीचा ईसीजी, आईच्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड, एमआरआय सेंटरने दिलेल्या सीडीवरून उतरवून घेतलेला फोल्डर.

जुन्या कागदाचे डॉक्टरला काय करायचे, असा प्रश्न पडू शकतो. आजार आजचा, तर तपासणीही आजचीच हवी ना? प्रत्यक्षात वैद्यकातील कितीतरी निर्णय तुलनेवर उभे असतात. छातीत दुखते म्हणून साठ वर्षांचे गृहस्थ रात्री सरकारी रुग्णालयात येतात. ईसीजीत बदल दिसतो. हा बदल आजचा की पूर्वी येऊन गेलेल्या झटक्याची जुनी खूण? आजचा असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तातडीने द्यायला हवे, कारण प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. पण हे इंजेक्शन निरुपद्रवी नाही. ते दिलेल्या शंभर जणांत साधारण एकाला, किंवा त्याहून थोड्या कमी प्रमाणात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी पाच वर्षांपूर्वीचा ईसीजी समोर असेल तर दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून जे कळते, ते एकट्या आजच्या पट्टीवरून कळेलच असे नाही. (अर्थात, छातीत दुखत असताना जुना कागद शोधत घरी थांबणे हा शुद्ध वेडेपणा. माणूस आधी रुग्णालयात न्यायचा. कागद मागून आला तरी चालतो.)

छातीच्या एक्स-रेचेही तेच. फुप्फुसात डाग दिसला की क्षयरोग की कर्करोग अशी शंका येते आणि घरदार घाबरते. क्षयरोग बरा झाल्यावरही त्याचा व्रण फुप्फुसात आयुष्यभर राहू शकतो. तो व्रण तितकाच आणि तिथेच जुन्या एक्स-रेतही असेल, तर बऱ्याच पुढच्या तपासण्या टळतात. फुप्फुसातील भरीव गाठ दोन वर्षांत मुळीच वाढलेली नसेल, तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता फारच कमी, असे डॉक्टर मानतात. पण दोन वर्षांपूर्वी ती केवढी होती हे दाखवणारे चित्र हवे. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले आढळले, तर मूत्रपिंड कालपरवा बिघडले की दहा वर्षांपासून हळूहळू निकामी होत आले, हे जुना रिपोर्ट एका नजरेत सांगतो, आणि उपचाराची दिशा त्यावर ठरते. एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठून श्वास कोंडला होता, ही नोंद जुन्या डिस्चार्ज कार्डावर असेल आणि ते कार्ड सापडलेच नाही, तर तेच औषध पुन्हा दिले जाऊ शकते.

या कागदांपैकी ईसीजीचा कागद सर्वांत कच्चा. तो उष्णतेने उमटणाऱ्या थर्मल कागदावर छापलेला असतो, एसटीच्या तिकिटासारखा. काही वर्षांत तो फिका पडतो, उन्हात ठेवला तर त्याहून लवकर. काही जण जपायचा म्हणून त्याला गरम लॅमिनेशन करून आणतात आणि अख्खा कागद काळा होतो. तेव्हा त्या काळी कुणी तो स्कॅन करून संगणकात ठेवला असेल, तर तेवढीच प्रत शिल्लक असण्याची शक्यता मोठी. रुग्णालयात मिळेल, या भरवशावर राहण्यातही अर्थ नाही. डॉक्टरांनी रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे सांभाळाव्यात, असे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचे नियम सांगतात. त्यानंतर त्या ठेवल्या जातीलच असे नाही. त्यात वाशिम हा स्वतंत्र जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ पासूनचा. त्याआधी तो अकोल्याचा भाग होता. मानोऱ्याच्या रुग्णाचे उपचार आजही वाशिम, अकोला, यवतमाळ, नागपूर असे विखुरलेले असतात. सगळे कागद एका ठिकाणी असण्याची जागा एकच, ती म्हणजे रुग्णाचे घर.

आता त्या कपाटावरच्या डब्याकडे वळू. पहिली गोष्ट ही, की संगणक बंद पडला म्हणजे त्यातील माहिती गेली असे नाही. माहिती असते हार्ड डिस्कमध्ये. ती पंचांगाएवढ्या आकाराची, जाड, धातूची पेटी. चार स्क्रू काढले की बाहेर येते. बाकी सगळा संगणक मेला तरी ती जिवंत असू शकते. वर्षानुवर्षे पडून असलेल्या संगणकात मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपलेली असते. मग चालू केल्यावर तारीख भलतीच दिसते, पडद्यावर इंग्रजीत सूचना येते आणि गाडी तिथेच अडते. कधी वीजपुरवठ्याच्या डब्यातील कपॅसिटर फुगलेले असतात. विदर्भातील भारनियमन, कमी-जास्त होणारा दाब आणि पत्र्याखालची ४५ अंशांची उष्णता यांत ते टिकले तरच नवल. या दोन्ही बिघाडांचा डिस्कमधील फोटोंशी काडीचा संबंध नाही.

दुरुस्तीवाल्याकडे ‘संगणक चालू करून द्या’ असे सांगितले तर तो विंडोज नव्याने टाकून देण्याची शक्यता असते, आणि त्यात जुने सगळे जाते. म्हणून सांगायचे ते एवढेच: संगणक चालू नाही झाला तरी चालेल, डिस्कमधले काढून द्या. डिस्क बाहेर काढून योग्य कन्व्हर्टरने ती दुसऱ्या संगणकाच्या यूएसबीला जोडता येते. २००३-०४ पूर्वीच्या डिस्कला बहुधा मागे चाळीस पिनांची रुंद पट्टी असते, नंतरच्यांना अरुंद सपाट जोडणी. टेबलावरच्या संगणकाच्या डिस्कला स्वतंत्र १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो नसलेला स्वस्त कन्व्हर्टर घेतला, तर डिस्क फिरतच नाही आणि चांगली डिस्क मेलेली समजून फेकली जाते. त्या काळच्या डिस्क २०, ४०, ८० जीबीच्या. आज बाजारात मिळणाऱ्या एका मध्यम पेन ड्राइव्हमध्ये अख्खी डिस्क मावते.

डिस्कच्या पोटात काय चालते हे समजले की पुढच्या सूचना आपोआप पटतात. आत ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात, त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांनी त्या फिरतात; ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकत असे. इथले वाचणारे ‘हेड’ मात्र टेकत नाही, फिरण्याने निर्माण झालेल्या हवेच्या थरावर ते तरंगते. तबकडी आणि हेड यांतील अंतर काही नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे धुळीचा साधा कण हा त्या हेडच्या वाटेत उभा ठाकलेला डोंगर, आणि बोटाचा ठसासुद्धा टेकडीएवढा. डिस्कच्या आत निर्वात पोकळी असते असा एक समज आहे, तो चुकीचा. हवा नसेल तर हेड तरंगणारच नाही. जुन्या डिस्कच्या झाकणावर हवा आत-बाहेर होण्यासाठी गाळणी लावलेले बारीक छिद्र असते. म्हणूनच ते झाकण घरात, दुकानात, पंख्याखाली उघडायचे नाही. उघडून तबकडी पुसून बंद केली, असे अभिमानाने सांगणारे कारागीर भेटतात. त्यांनी ती डिस्क संपवलेली असते.

बंद अवस्थेत पडून राहिलेल्या डिस्कवरील चुंबकीय लेखन दहा-वीस वर्षांत सहसा पुसले जात नाही. बिघडतो तो यांत्रिक भाग. हेड तबकडीला चिकटून बसते, किंवा मोटारीतील वंगण घट्ट होते. वीज दिल्यावर सौम्य घरघर ऐकू आली तर ठीक. ठरावीक लयीत ‘टक-टक-टक’ असा आवाज आला, तर हेडला तबकडीवरील खुणा वाचता येत नाहीत आणि ते पुन्हा पुन्हा मूळ जागी परतून आदळते आहे, असे समजावे. अशा डिस्कला वारंवार वीज देऊन पाहणे म्हणजे मोडलेल्या पायावर माणसाला चालवून पाहणे. फ्रिजमध्ये ठेवून पाहा, हळूच आपटून पाहा, असे सल्ले मिळतात. फ्रिजमधून काढलेल्या डिस्कवर आतून-बाहेरून दव धरते आणि उरलेसुरले जाते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा हिरवा बोर्ड काढून लावण्याचा उपाय फार जुन्या डिस्कवर चालत असे. नंतरच्या डिस्कमध्ये प्रत्येक नगाची स्वतःची मोजमापे त्या बोर्डवरील चिपमध्ये लिहिलेली असतात, त्यामुळे ती चिप हलवल्याशिवाय परका बोर्ड सहसा चालत नाही. टकटक करणारी डिस्क बंद करून ठेवावी आणि धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावी. अशा प्रयोगशाळा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत, खर्च मोठा असतो आणि यशाची खात्री कुणी देऊ शकत नाही. शंभर टक्के हमी देऊन आधीच पैसे मागणारा असेल, तर त्याच्याकडे शंभर टक्के हमीने मधुमेह बरा करणाऱ्याकडे पाहावे तसेच पाहावे.

चांगल्या स्थितीतल्या डिस्कच्या बाबतीत मोठा धोका तिच्या मालकाच्या उतावळेपणाचा असतो. डिस्क जोडल्यावर विंडोज कधी कधी विचारते, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ उत्तर नाही. कधी विचारते, ‘चुका तपासून दुरुस्त करू का?’ तेही नाही. कारण दोन्हींत जुन्या डिस्कवर नवे लेखन होते.

पुसलेली फाइल परत कशी मिळते, याचे मर्मही इथेच आहे. डिस्कवर एका बाजूला फाइलींची अनुक्रमणिका असते आणि दुसरीकडे प्रत्यक्ष मजकूर. फाइल ‘डिलीट’ केली की अनुक्रमणिकेतील नोंदीवर काट मारली जाते, मजकूर जागच्या जागी राहतो. फक्त ‘ही जागा रिकामी’ अशी पाटी लागते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुने वाचता येते. घाईत केलेल्या ‘क्विक फॉरमॅट’मध्येही बहुतेक वेळा अनुक्रमणिकाच नवी होते. मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट केला, तर सगळीकडे शून्य लिहिले जाते आणि काही उरत नाही. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांत आठवण मेंदूत असते, तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट हरवलेली असते. जुन्या डिस्कचेही तसेच, फरक इतकाच की इथे वाट शोधणारी साधने बरीच चांगली आहेत.

म्हणून जाणकार आधी डिस्कवर काही शोधतच नाहीत. ते तिची जशीच्या तशी, बिट-न-बिट नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतात आणि मूळ डिस्क बाजूला ठेवतात. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याची रीत अपघात विभागातील डॉक्टरांना लगेच ओळखीची वाटेल. डिस्कचा जो भाग सहज वाचता येतो तो ते आधी उचलते, खराब भागापाशी अडून बसत नाही. त्याची नोंद करून पुढे जाते आणि सगळे वाचून झाल्यावर मागे येऊन उरलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. बसचा अपघात झाला की ज्यांना वाचवता येईल त्यांना आधी हात लावायचा, हे जसे कठोर वाटले तरी सर्वाधिक जीव वाचवते, तसेच. मरायला टेकलेल्या डिस्कला किती मिनिटे मिळतील ते माहीत नसते.

नक्कल हातात आली की ‘फोटोरेक’सारखे मोफत सॉफ्टवेअर अनुक्रमणिकेकडे न पाहता थेट मजकुरात शोध घेते. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक चिन्हांनी होते. जेपीईजी फोटोची वेगळी, पीडीएफची वेगळी. ती चिन्हे दिसली की तिथून फाइल कापून बाहेर काढायची. यात फाइलींची नावे परत येत नाहीत. हजारो फोटो नुसते आकडे होऊन बाहेर पडतात. पण डिजिटल कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात काढल्याची तारीख लिहिलेली असते, त्यावरून ते लावून घेता येतात. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असेल तर. लांब व्हिडिओ डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला असतो, त्यामुळे लग्नाचा व्हिडिओ अर्धा मिळतो आणि हळदीनंतरचे सगळे जाते. फोटोही कधी वरचा अर्धा स्वच्छ आणि खाली करडा पट्टा, असा येतो. अनुक्रमणिका शाबूत असेल तर मात्र हा उपद्व्याप लागत नाही. नेहमीच्या फोल्डरमध्ये सरळ फाइली दिसतात. ‘प्रवेश नाकारला’ अशी पाटी आली तर घाबरू नये. जुन्या वापरकर्त्याच्या नावाचे कुलूप आहे, दुकानदार ते उघडून देऊ शकतो. ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ या दोन जागा आधी पाहाव्यात. त्या काळी सगळे तिथेच ठेवले जाई.

एमआरआय किंवा सीटी स्कॅनचा फोल्डर ओळखता येत नाही म्हणून पुसला जातो, हे वारंवार घडणारे दुर्दैव. त्यातील फाइलींना अनेकदा नेहमीसारखे शेपूटच नसते, नुसती अक्षरे आणि आकडे असतात, आणि त्या फोटोसारख्या उघडत नाहीत. ‘डायकॉम’ नावाच्या या पद्धतीत चित्राबरोबर रुग्णाचे नाव, तारीख आणि मोजमापे साठवलेली असतात. ती पाहण्याची सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि रेडिओलॉजिस्टकडे ती असतातच. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या एक्स-रेच्या फोटोपेक्षा या फाइलींची किंमत कितीतरी जास्त, कारण गाठ किती मिलिमीटरची होती हे त्यांवरून आजही मोजता येते.

मराठीतल्या फाइलींची आणखी एक खास अडचण आहे. फाइल सुखरूप मिळते, उघडते, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे व चिन्हांची न कळणारी रांग दिसते. फाइल खराब झाली म्हणून ती टाकून दिली जाते. ती खराब नसते. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन श्री-लिपी, आकृती, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएम अशा व्यवस्थांवर होई. त्यांत संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच साठत आणि विशिष्ट फाँटमुळे ती देवनागरी दिसत. तो फाँट नव्या संगणकावर नाही, इतकेच. फाँट टाकला किंवा युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन वापरले, की मजकूर पुन्हा उभा राहतो. कुठल्या अक्षरासाठी कुठली कळ, हे प्रत्येक फाँटचे वेगळे असल्याने योग्य फाँट कोणता हे ओळखावे लागते. जुन्या टंकलेखकाला विचारले तर तो पडद्यावरची रांग पाहून सांगतो. पत्रिका, स्मरणिका, वंशावळी यांतील पुष्कळ मजकूर पेजमेकरमध्ये आहे. ते सॉफ्टवेअर आता कुणी फारसे वापरत नाही, त्यामुळे अशी फाइल मिळाल्यावर आधी पीडीएफ करून घ्यावी.

डिस्क किती हाल सोसू शकते, याचे सर्वांत विलक्षण उदाहरण आकाशातून पडले आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतताना फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अवशेषांत टेक्सासमध्ये एक जळून-वितळून गेलेली हार्ड डिस्क मिळाली. झेनॉन वायूच्या प्रवाहीपणावरील प्रयोगाची मोजमापे तिच्यात होती. एका खासगी कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून नव्या सांगाड्यात बसवल्या आणि ९९ टक्के माहिती परत मिळवली. यात नशिबाचा भागही होता. प्रयोगाचा संगणक जुन्या ‘डॉस’वर चालत होता, त्याने माहिती एका जागी सलग लिहिली होती, आणि तबकडीचा खरवडलेला भाग नेमका कोरा होता. २००८ मध्ये त्या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच यानातील आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीही मिळाले नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या डिस्कबद्दलही एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: ती उन्हात वाळवायची नाही. पाणी सुकले की गाळ आणि क्षार तबकडीवर चिकटून बसतात. ओलसर अवस्थेतच पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत द्यायची. आणि हे सगळे फिरत्या तबकडीच्या डिस्कबद्दल. गेल्या काही वर्षांतील संगणकांत असलेल्या ‘एसएसडी’मध्ये पुसलेल्या फाइलीची जागा संगणक स्वतःहून लगेच रिकामी करायला लावतो, त्यामुळे तिथे चुकून पुसलेले परत मिळण्याची आशा फार कमी. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्याच्या वस्तू नव्हेत.

जे आपल्याला परत मिळते ते दुसऱ्यालाही मिळू शकते, हे भंगारवाल्याला संगणक देताना कुणी लक्षात घेत नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क बाजारातून विकत घेऊन तपासल्या. २००३ मध्ये त्यांचा निबंध आला. नीट पुसलेल्या अवघ्या १२ निघाल्या. उरलेल्यांत हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक, खासगी पत्रे आणि लोकांच्या आजारपणाच्या नोंदीही होत्या. आपल्याकडे सोनोग्राफी सेंटर, पॅथॉलॉजी लॅब, लहान दवाखाने यांचे जुने संगणक शेवटी कुठे जातात, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. एखाद्या तरुणीच्या गर्भपाताची किंवा एखाद्याच्या एचआयव्ही तपासणीची नोंद भंगारात जाऊन पडणे ही गोपनीयतेची किरकोळ चूक म्हणता येणार नाही. लहान गावात त्याने संसार मोडतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण डिस्क पुसायची ती माणसानेच. फाइली डिलीट करून भागत नाही. एकदा पूर्ण डिस्कवर शून्य लिहून काढले तरी या काळातील डिस्कसाठी पुरते. चालू न होणारी असेल तर तबकड्यांना ड्रिलने भोके पाडावीत. बोर्ड आणि वायरी तांब्यासाठी उघड्यावर जाळू देऊ नयेत. त्यातून निघणारे शिसे आणि विषारी धूर आधी जाळणाऱ्याच्या घरातील लहान मुलांच्या अंगात जातात.

परत मिळालेल्या आजारपणाच्या कागदांचे काय करायचे, याचे उत्तर सोपे आहे. फाइलीच्या नावात व्यक्ती, तपासणी आणि वर्ष लिहावे: ‘बाबा ईसीजी २०११’. एक प्रत घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये, एक बाहेर कुठे तरी. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्याच्या ‘आभा’ खात्यात किंवा डिजिलॉकरमध्ये असे जुने कागद स्वतः चढवता येतात, आपोआप मात्र ते तिथे जात नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना याचा उपयोग विशेष. दिवाळीनंतर घराला कुलूप लागते, सहा महिने मुक्काम पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील फडावर. तिथल्या डॉक्टरला या रुग्णाचे काहीच माहीत नसते आणि कागद मानोऱ्याच्या घरात राहिलेले असतात.

पोहरादेवीच्या परिसरातील जुन्या डिस्कमध्ये आणखी एक ऐवज असतो, आवाजाचा. गोरबोलीला स्वतःची परंपरागत लिपी नाही. समाजाचा इतिहास, वंशावळी, होळीच्या लेंगी हे सगळे तोंडी चालत आले; भाट आणि ढाडी ते गाऊन सांगत. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचे उद्घाटन झाले, तिथे समाजाचा वारसा मांडलेला आहे. पण कॅसेटवरून संगणकात उतरवून घेतलेली आजीची लेंगी, रामनवमीला मोबाइलने टिपलेले भजन, ३० ऑक्टोबर २०२० रोजी निधन झालेले डॉ. रामराव महाराज यांची एखाद्या तांड्यावरील भेट, या गोष्टी घरांतल्याच डिस्कमध्ये आहेत. करोनाच्या दोन वर्षांत ज्यांनी माणसे गमावली, त्यांच्यासाठी अशा एखाद्या फाइलीची किंमत कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त असते. दुःखातील माणसाला त्या आवाजाची घाई करू नये. काहींना तो लगेच ऐकावासा वाटतो, काहींना दोन वर्षांनी.

आवाजाच्या फाइली बहुतेक वेळा चांगल्या परत मिळतात. नावे तेवढी गेलेली असतात. आकडे पडलेल्या तीनशे फाइलींत कोण गाते आहे, कुठल्या तांड्याची चाल आहे, हे कुठलेही सॉफ्टवेअर सांगत नाही. ते घरातील ऐंशीच्या घरातल्या आजीला कळते. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या टप्प्यातसुद्धा सकाळी काय खाल्ले ते विसरणारी माणसे तरुणपणीची गाणी पुष्कळदा ओळखतात, सोबत गातातही. तेव्हा स्पीकर आजीच्या चांगल्या कानाच्या बाजूला ठेवावा, दिवसाला चार-पाचच फाइली लावाव्यात, ती थकायच्या आत थांबावे. आणि ती नाव सांगेल त्याच क्षणी ते फाइलीला देऊन टाकावे.